विश्लेषण : दुर्गंधीची ‘सवय’ होते तेव्हा मेंदूत काय घडते? नाकाच्या वाटेवरील डोपामिन पेशी काय करतात?

वालधुनीच्या काठी राहणाऱ्याला जो वास जाणवेनासा होतो, त्याच वासाने पाहुणा दारातच नाकाला रुमाल लावतो. या फरकाचा एक धागा मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशींपर्यंत जातो. याच पेशींमुळे पार्किन्सनच्या आजारातील एक जुने कोडेही समोर आले आहे.

काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात येते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. इसवी सन १०६० च्या शिलालेखामुळे ओळखले जाणारे हे मंदिर जिच्या काठावर उभारले गेले, तिला आज उल्हासनगरात बहुतेक जण नदी म्हणतच नाहीत, ‘नाला’ म्हणतात. कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचा मैला वाहून नेणाऱ्या या पात्रालगत नवा भाडेकरू आला, की ‘हा वास कसला?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. शेजाऱ्यांचे उत्तरही ठरलेले, ‘नाल्याचा. होईल सवय.’

सवय होते, हे खरेच आहे. पण ही सवय म्हणजे नेमके काय? वास कमी होतो का, नाक बधिर होते का, की मेंदूच त्याकडे काणाडोळा करतो? आणि वास जाणवला नाही म्हणजे धोका टळला, असे मानता येते का? कॅम्प ४ पासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत.

वास मेंदूपर्यंत पोहोचतो कसा?

नाकपुडीच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, एक छोटा ओलसर पडदा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचे ग्राहक म्हणजे रिसेप्टर असतात. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. उंदरात सुमारे १,०००. हे ग्राहक तयार करणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशींचे बारीक तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि थेट मेंदूच्या पुढच्या भागातील ‘घ्राणकंदा’त पोहोचतात. इंग्रजीतले त्याचे नाव ऑलफॅक्टरी बल्ब. एकाच प्रकारचा ग्राहक असलेल्या सगळ्या पेशींचे तंतू घ्राणकंदातील ठरावीक गोलसर गाठींमध्ये एकत्र येतात. या गाठींना ग्लोमेरुलस म्हणतात. टपाल कार्यालयात पिनकोडनुसार पत्रांचे गठ्ठे लावतात, तशी ही विभागणी असते. हिंगाच्या वासाने काही गाठी उजळतात, डिझेलच्या वासाने दुसऱ्या. कोणत्या गाठी, किती आणि कोणत्या क्रमाने जाग्या झाल्या यावरून मेंदू वास ओळखतो.

गाठीत आलेला निरोप पुढे नेण्याचे काम मायट्रल आणि टफ्टेड नावाच्या पेशी करतात. नाकाकडून येणारा तंतू ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन सोडतो, त्याने या पेशी जाग्या होतात आणि निरोप मेंदूच्या आतल्या भागांकडे जातो. पण या हस्तांतराच्या जागीच एक नियंत्रक बसलेला असतो. तो म्हणजे डोपामिन पेशी.

डोपामिन म्हणजे ‘आनंदाचे रसायन’ ना? मग ते नाकाच्या वाटेवर कशाला?

समाजमाध्यमांवर डोपामिनची ओळख ‘आनंदाचे रसायन’ अशी झाली आहे. रील पाहिली, डोपामिन वाढले, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात डोपामिन हे एक निरोप्या रसायन आहे. ते कुठल्या जागी आणि कुठल्या ग्राहकावर काम करते, यावर त्याचा परिणाम ठरतो. मेंदूच्या मध्यभागातील ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या भागातील डोपामिन पेशी हालचालींवर नियंत्रण ठेवतात. त्या मरू लागल्या की पार्किन्सनचा आजार दिसू लागतो. शेजारच्या दुसऱ्या पेशीसमूहाचा संबंध प्रेरणा आणि बक्षिसाच्या अपेक्षेशी आहे.

मेंदूतील या पेशीसमूहांना शास्त्रज्ञांनी ए८, ए९ असे क्रमांक दिले आहेत. त्यात घ्राणकंदातील डोपामिन पेशींचा क्रमांक ए१६. त्या गाठींच्या भोवती कडे करून असतात आणि त्यांचे मुख्य काम आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणासारखे असते.

नाकाकडून निरोप आला की या पेशीही जाग्या होतात आणि डोपामिन सोडतात. निरोप आणणाऱ्या तंतूंच्या टोकांवर डोपामिनचे ‘डी२’ प्रकारचे ग्राहक असतात. डोपामिन तिथे चिकटले की तंतू कमी ग्लुटामेट सोडतो. म्हणजे निरोप मेंदूत पुरता शिरण्याआधीच, पहिल्याच नाक्यावर, त्याचा जोर कमी केला जातो. उंदीर-घुशींच्या गटातील प्राण्यांवरील प्रयोगांत हे वारंवार दिसले आहे. डी२ ग्राहक चेतवणारे औषध दिल्यावर घुशींची मंद वास ओळखण्याची क्षमता घटल्याचे १९८९ मध्येच नोंदवले गेले होते.

या पेशींची जोडणी कशी असते?

इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची आणि म्हणूनच रंजक होते. घ्राणकंदातील डोपामिन पेशी एकाच साच्याच्या नाहीत. त्यांचे ढोबळमानाने दोन गट आहेत.

पहिला गट लहान पेशींचा. त्यांना लांब तंतू म्हणजे अॅक्सॉन नसतो. त्या आपल्या गाठीपुरते काम करतात. आपल्या गल्लीचा वॉचमन म्हणा ना. दुसरा गट मोठ्या पेशींचा. त्यांना अॅक्सॉन असतो आणि तो आजूबाजूच्या, कधी बऱ्याच लांबच्या गाठींपर्यंत जातो. त्यामुळे एका गाठीत गोंगाट वाढला, की दुसऱ्या गाठींनाही त्याची खबर मिळते. उंदरांवरील २०१८ च्या एका अभ्यासात असे दिसले की मोठ्या, अॅक्सॉन असलेल्या पेशी जन्माआधीच तयार होतात, तर लहान पेशींची भर जन्मानंतरही पडत राहते.

दुसरी विशेष बाब म्हणजे या पेशी एकटे डोपामिन सोडत नाहीत. त्यासोबत ‘गाबा’ हे शांत करणारे रसायनही सोडतात. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये या दोन्हींचा एकत्रित परिणाम तपासला. गाबामुळे समोरची टफ्टेड पेशी आधी गप्प होते आणि नंतर डोपामिनच्या ‘डी१’ ग्राहकामार्फत ती एकदम जोरात बोलते. आधी ब्रेक, मग पिकअप. यामुळे पार्श्वभूमीतली कुजबुज दबते आणि ठळक निरोप उठून दिसतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

२०१५ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील अर्करूप बॅनर्जी, दिनू अल्बेआनू आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांत या जोडणीचे काम पाहिले. वास जितका तीव्र, तितका या पेशींचा ब्रेक जोरात लागतो, असे त्यांना आढळले. अभियांत्रिकीत याला ‘गेन कंट्रोल’ म्हणतात. हातातल्या स्मार्टफोनमध्ये हेच तत्त्व ‘ऑटो ब्राइटनेस’च्या रूपाने असते. उन्हात स्क्रीन उजळ होते, अंधाऱ्या खोलीत मंद होते आणि दोन्ही ठिकाणी अक्षरे वाचता येतात. घ्राणकंदात नेमका असाच समतोल साधला जातो. फोडणीच्या तीव्र वासात स्वयंपाकघर भरलेले असतानाही दूध उतू गेल्याचा करपट वास वेगळा कळतो. सगळे वास पूर्ण जोराने आत सोडले असते, तर तीव्र वासाखाली बारीक वास बुडून गेले असते.

नाक बंद झाले तर या पेशींचे काय होते?

उंदराची एक नाकपुडी काही आठवडे बंद ठेवली, तर त्या बाजूच्या घ्राणकंदात डोपामिन तयार करणारे ‘टायरोसिन हायड्रॉक्सिलेज’ हे विकर झपाट्याने कमी होते. हॅरिएट बेकर यांच्या गटाने १९८० च्या दशकात हे दाखवले. महत्त्वाचे म्हणजे यातल्या बऱ्याच पेशी मरत नाहीत. त्या फक्त डोपामिन बनवणे कमी करतात. नाकपुडी पुन्हा उघडली की उत्पादन सावरते.

यात एक साधे व्यावहारिक गणित आहे. आत येणारा निरोपच क्षीण असेल, तर त्यावर ब्रेक कशाला लावायचा? ब्रेक सैल केला की जो थोडा वास येतो, तो तरी नीट ऐकू येईल. उलट, वासांचा भडिमार असेल तर ब्रेक घट्ट हवा. म्हणजे ही यंत्रणा क्षणाक्षणाला काम करतेच, शिवाय परिसर बदलला की काही दिवसांत आपली मूळ सेटिंगही बदलते.

उंदरांमध्ये तिसरीही सोय आहे. त्यांच्या मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतीलगत आयुष्यभर नव्या चेतापेशी जन्मतात, काही मिलिमीटरचा प्रवास करून घ्राणकंदात येतात आणि त्यातल्या काही डोपामिन पेशी बनतात. मात्र ही गोष्ट जशीच्या तशी माणसाला लावता येत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये त्याची तपासणी केली, तीही अणुचाचण्यांच्या मदतीने. १९५० आणि १९६० च्या दशकांत जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. पेशी जन्मते त्या वेळचे प्रमाण तिच्या डीएनएत नोंदले जाते. त्यावरून माणसाच्या घ्राणकंदातील चेतापेशींचे वय काढले, तर ते जवळजवळ त्या माणसाच्या वयाएवढेच निघाले. नाकातल्या पडद्यावरील पेशी एक-दोन महिन्यांत बदलत राहतात, पण आतला नियंत्रक बहुधा जन्मापासून तोच असतो.

मग दुर्गंधीची सवय होते ती डोपामिनमुळेच का?

नाही, एकट्या डोपामिनमुळे नाही. वासाला सरावण्याची क्रिया किमान तीन पातळ्यांवर होते. पहिली पातळी नाकातली. वास सतत येत राहिला की काही सेकंदांतच ग्राहक पेशींमध्ये कॅल्शियम वाढते आणि त्यांचा प्रतिसाद कमी होतो. दुसरी पातळी घ्राणकंदाची. डोपामिन आणि गाबाचे नियंत्रण इथले. तिसरी पातळी मेंदूच्या बाह्यकातील. जो वास बदलत नाही, त्यात नवी माहिती नाही, असे ठरवून मेंदू त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणूनच स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही आणि गावाहून चार दिवसांनी परतल्यावर दार उघडताच तो येतो.

या तिन्ही पातळ्यांचा उद्देश एकच, बदल टिपणे. नाक हे प्रमाण मोजणारे मीटर नाही, बदलाची घंटा आहे. हवेत वायू किती आहे हे ते सांगत नाही. मघापेक्षा वेगळे काय झाले हे सांगते. वाघापासून जीव वाचवायचा होता त्या काळात ही योजना उत्तम होती. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी मात्र ती दगा देऊ शकते, कारण इथला धोका अनेकदा हळूहळू वाढतो किंवा कायम एकाच पातळीवर राहतो.

वास येणे थांबले म्हणजे वायू गेला, असे का समजू नये?

याचे सर्वांत घातक उदाहरण हायड्रोजन सल्फाइडचे. गटारे, सेप्टिक टँक आणि काही रासायनिक सांडपाण्यातून निघणाऱ्या या वायूला सडक्या अंड्यासारखा वास असतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भागापेक्षाही कमी असला तरी माणसाला तो जाणवू शकतो. पण हेच प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांत वास येणेच बंद होते. ही नेहमीची सवय नव्हे. वायूमुळे घ्राणशक्तीच निकामी होते. ‘वास गेला, आता उतरू या’ असे म्हणून मॅनहोलमध्ये उतरणे याच कारणाने प्राणघातक ठरते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. गटारे आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी सुरक्षा साधनांविना माणसे उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामागील शरीरशास्त्र हे असे आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रासायनिक सांडपाणी सोडल्याने विषारी वायू पसरला होता. वडोल गाव परिसरातील शेकडो रहिवाशांना मळमळ, चक्कर आणि श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. जून २०२१ मध्ये बदलापुरात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये कारखान्यांतील वायुगळतीने नागरिकांना डोळ्यांची जळजळ आणि श्वास घेण्यास त्रास झाला. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरोधात ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. लवादाने जुलै २०१५ मध्ये त्यावर निकाल देताना सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना जबाबदार धरले.

अशा ठिकाणी ‘रोजचाच वास आहे’ हे वाक्य धोक्याचे ठरते. रोजच्या वासाला सरावलेले नाक त्यात मिसळलेल्या नव्या वायूची वाढ उशिरा टिपू शकते. त्यामुळे वासाबरोबरच डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोकेदुखी आणि मळमळ या खुणांकडे लक्ष द्यायला हवे. डोळे-घशाची जळजळ वेगळ्या चेतातंतूंमार्फत जाणवते आणि घ्राणशक्ती मंदावली तरी ती बरेचदा शाबूत असते. एकाच वेळी घरातील दोघा-तिघांना असा त्रास झाला तर खिडक्या बंद करून वाट पाहण्याऐवजी ११२ किंवा अग्निशमन दलाला १०१ वर कळवणे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाकडे तक्रार नोंदवणे योग्य.

प्रदूषित हवेत राहून वासाची क्षमता कायमची घटते का?

सवय तात्पुरती असते. जागा बदलली की नाक पुन्हा ताळ्यावर येते. पण दीर्घकाळच्या प्रदूषणाचा परिणाम त्याहून खोल असू शकतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रदूषित मेक्सिको शहरातील रहिवाशांची तुलना त्लास्काला या स्वच्छ हवेच्या राज्यातील लोकांशी करण्यात आली. त्यांना रोजच्या ओळखीचे वास देण्यात आले, तसेच एकमेकांशी मिळताजुळता वास असलेली दोन स्थानिक पेये ओळखायला सांगितली. मेक्सिको शहरातील लोकांना वास ओळखण्यासाठी तो अधिक तीव्र लागला, तसेच सारख्या वासांतला फरक करतानाही ते मागे पडले. हे लोक आजारी नव्हते. आपली क्षमता घटली आहे, हे चाचणीशिवाय कळणे कठीण, हाच यातला मुद्दा.

पार्किन्सनमध्ये वास आधी का जातो?

पार्किन्सन म्हटले की हात थरथरणे डोळ्यांसमोर येते. पण या आजाराच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत रुग्णांत वासाची क्षमता घटलेली असते आणि अनेकदा ती थरथर सुरू होण्याच्या काही वर्षे आधी घटते. हवाईतील दोन हजारांहून अधिक वयस्क पुरुषांच्या पाहणीत, वासाच्या चाचणीत सर्वांत मागे असलेल्या गटाला पुढील चार वर्षांत पार्किन्सन होण्याची शक्यता चांगली कामगिरी करणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळली. ही पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडले की आजाराशी निगडित प्रथिनांच्या गाठी मेंदूत सर्वांत आधी जिथे दिसतात, त्यात घ्राणकंद आहे.

पार्किन्सनमध्ये डोपामिन पेशी मरतात. मग घ्राणकंदातील डोपामिन पेशीही मरत असतील आणि म्हणून वास जात असेल, असे कुणालाही वाटेल. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मृत रुग्णांच्या घ्राणकंदातील पेशी मोजल्या, तर चित्र उलटे निघाले. डोपामिन पेशी कमी नव्हे, दुप्पट होत्या. वर पाहिल्याप्रमाणे या पेशी वासाचा आवाज कमी करतात. त्या वाढल्या तर ब्रेक जास्त लागेल आणि वास मंद होईल, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले. डोपामिनची भर घालणारे लेव्होडोपा हे औषध हालचाल सुधारते, पण गेलेला वास परत आणत नाही, हे निरीक्षणही त्याच्याशी जुळते.

मात्र गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. त्याच गटाच्या २००८ च्या अभ्यासात ही वाढ स्त्री रुग्णांत दिसली. पुरुष रुग्ण आणि निरोगी पुरुष यांच्यात तसा फरक आढळला नाही. शिवाय प्रथिनांच्या गाठी घ्राणकंदातील इतर पेशींतही असतात. त्यामुळे डोपामिन पेशींची वाढ हे वास जाण्याचे कारण आहे की बिघाडावर मेंदूने केलेला उपाय, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

महाराष्ट्राचा या आजाराच्या अभ्यासाशी जुना संबंध आहे. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत दर एक लाख लोकांमागे सुमारे ३२८ जणांना पार्किन्सन असल्याचे १९८८ मध्ये नोंदवले गेले. वयस्कांचे प्रमाण अधिक असलेल्या या समाजातील आकडा जगभर उद्धृत झाला.

पुण्यात या विषयावर काय काम सुरू आहे?

पुण्याच्या पाषाण येथील ‘आयसर’ या संस्थेत निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा घ्राणकंदातील जोडण्यांचा अभ्यास करते. जर्मनीत असताना २०१० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक महत्त्वाचा प्रयोग केला होता. घ्राणकंदात निरोप दाबणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या पेशींचे, ग्रॅन्युल पेशींचे काम जनुकीय बदलाने कमी-जास्त करण्यात आले. ब्रेक वाढवलेल्या उंदरांनी मिळतेजुळते वास अधिक वेगाने वेगळे केले. ब्रेक कमी केलेले उंदीर मागे पडले. दाबणे म्हणजे बिघडवणे नव्हे, योग्य प्रमाणात दाबल्यानेच वास स्वच्छ होतो, हे त्यातून दिसले.

करोनाकाळात याच प्रयोगशाळेने पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांसोबत वासाची क्षमता आकड्यांत मोजणारे उपकरण रुग्णांवर वापरले. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. कोणतीही लक्षणे नसलेल्या अनेक बाधितांत वासाची क्षमता घटलेली होती आणि ‘वास येतो का?’ असे नुसते विचारून ती कळत नव्हती. म्हणजे उल्हासनगरच्या नाल्यापासून करोनापर्यंत धडा सारखाच आहे. आपल्या नाकाबद्दलचे आपले मत फारसे भरवशाचे नसते.

घरच्या घरी काय तपासता येईल?

डोळे बंद करून, एका वेळी एक नाकपुडी दाबून, घरातले ओळखीचे वास ओळखून पाहता येतात. कॉफी पूड, लवंग, हिंग, संत्र्याची साल, खोबरेल तेल यांचा उपयोग होतो. बाम, पुदिना, कापूर किंवा अमोनिया मात्र वापरू नये. ते नाकाला झोंबतात आणि ती झोंब वेगळ्या चेतातंतूंनी जाणवते. वास येत नसला तरी ‘येतो’ असे वाटते. ही चाचणी सर्दी नसताना करावी आणि ती निदान नव्हे, हे लक्षात ठेवावे.

वास कमी झाला म्हणजे पार्किन्सन, असा अर्थ मुळीच काढू नये. सर्दी, सायनस, अॅलर्जी, करोनासारखे विषाणू, डोक्याला मार, धूम्रपान आणि वाढते वय ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. पण सर्दीशिवाय वास कमी झाला आणि तसाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. त्यासोबत जुनी बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे, अक्षर बारीक होत जाणे किंवा एका हाताची हालचाल मंदावणे दिसत असेल, तर मेंदूविकार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

एक खबरदारी आजच घेता येण्यासारखी आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील आणि त्यांना वास नीट येत नसेल, तर ही योजना निरुपयोगी ठरते. अशा घरात गॅसगळती ओळखणारा अलार्म बसवणे आणि रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावणे हिताचे.

मेंदू वास दाबतो तो आपल्या सोयीसाठी. हवेतला वायू त्यामुळे कणभरही कमी होत नाही. म्हणून वालधुनीच्या काठावरची हवा सुरक्षित आहे की नाही, हे तिथे राहणाऱ्यांच्या नाकावर सोपवता येणार नाही. त्यासाठी सतत मोजणारी यंत्रे हवीत आणि त्यांचे आकडे रहिवाशांना वाचता येतील असे जाहीर व्हायला हवेत.